सतराव्या प्रश्नाचे उत्तर

मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेच्या टेबलावर सेहेचाळीस उत्तरपत्रिका होत्या, चाळीस भोके पाडलेला एक पत्रा होता, एक लाल पेन्सिल, एक निळी पेन्सिल, आणि बोटभर लांबीची एक चिठ्ठी. चिठ्ठी सोडून बाकी सगळे शुक्रवारपासून तिथेच होते. चिठ्ठी आत्ता आली होती, आणि ती घेऊन आलेले शाळेचे कारकून अजून दारातच उभे होते.

"तुमचीच ना बाई? शुक्रवारपासून प्रत्येक प्रतीवर काळा पट्टा उमटत होता. म्हटलं प्रती काढायचं मशीन गेलं. आज झाकण उघडलं तर ही बाईसाहेब आत चिकटून बसलेली."

अक्षर विज्ञानाच्या बाईंचेच होते. '१७. विरळ माध्यमातून घन माध्यमात शिरताना प्रकाशकिरण कोणीकडे झुकतो?' खाली चार पर्याय. बाईंना लगेच आठवले. शुक्रवारच्या चाचणीची मूळ प्रत लिहून झाल्यावर हा प्रश्न त्यांनी बदलला होता, आणि नवा प्रश्न चिठ्ठीवर लिहून जुन्या जागी डकवला होता. जुना आधीच खोडरबराने पुसून टाकलेला होता.

कारकून गेले. बाईंनी उरलेल्या प्रश्नपत्रिकांतली एक काढून पाहिली. सोळावा प्रश्न होता, अठरावा प्रश्न होता. मध्ये दोन बोटे कोरी जागा होती.

आता त्यांच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की, कोणी सांगितले कसे नाही? सेहेचाळीस मुलामुलींपुढे कोरी जागा होती आणि एकानेही हात वर केला नव्हता. बाईंनी निळी पेन्सिल उचलली आणि सेहेचाळीस उत्तरपत्रिकांतली फक्त सतरावी ओळ पाहायला सुरुवात केली.

तिघांनी काही लिहिले नव्हते. एकाने 'अ' रंगवला होता, एकाने 'ड'. उरलेल्या एक्केचाळीस जणांनी 'क' रंगवला होता.

त्यांनी पुन्हा मोजले. एक्केचाळीसच. समजा मुलांनी अंदाजाने काहीतरी रंगवले असते, तर चारही पर्यायांना दहा-बारा, दहा-बारा आले असते. एक्केचाळीस येत नाहीत. बाईंनी पत्रा उचलून एका उत्तरपत्रिकेवर ठेवला. सतराव्या ओळीतल्या भोकातून काळा चौकोन दिसला. 'क' हेच बरोबर उत्तर होते.

न छापलेल्या प्रश्नाचे.

पत्र्याची गोष्ट अशी होती. बाईंना शाळेत लागून हे पहिलेच वर्ष, तेही वर्षाच्या करारावर. शेवटच्या वर्गाचे विज्ञान त्यांच्याकडे आले तेव्हा मुले पार ढेपाळलेली होती. बाईंचे म्हणणे होते की ताप मोजल्याशिवाय औषध देता येत नाही. दर शुक्रवारी चाळीस गुणांची चाचणी घ्यायची, कोण कुठे अडतो ते पाहायचे, सोमवारी तेवढेच पुन्हा शिकवायचे. अडचण एकच होती, तपासणार कधी? तेव्हा कार्यशाळेच्या सरांनी त्यांना पत्र्याचा तुकडा कापून दिला. उत्तरपत्रिकेत वीस ओळींचे दोन रकाने, प्रत्येक ओळीत अ, ब, क, ड असे चार चौकोन. पत्रा वर ठेवायचा, भोकांतून दिसणारे काळे चौकोन मोजायचे, की झाले गुण. सगळा वर्ग अर्ध्या तासात तपासून होई.

पण पत्र्याला भोके एकदाच पडतात. दर आठवड्याला नवा पत्रा कोण कापून देणार? म्हणून बाई प्रश्नच पत्र्याप्रमाणे बसवत. भोक जिथे, बरोबर उत्तर तिथे. प्रश्न दर वेळी नवे, धडा नवा, उत्तरांच्या जागा मात्र त्याच. अकरा शुक्रवार त्या असे करत आल्या होत्या. आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका दर बुधवारी मुलांना परत देत होत्या, कारण स्वतःची चूक दिसल्याशिवाय माणूस सुधारत नाही असे त्या स्वतःच वर्गात सांगत.

भिंतीवर आलेख होता. पहिल्या चाचणीची सरासरी चौदा पूर्णांक दोन. तिसऱ्या चाचणीची सोळा. पाचव्या चाचणीपासून रेघ जी चढली ती जिना चढावा तशी. अकराव्या चाचणीची सरासरी तेहेतीस पूर्णांक सहा. खाली प्रत्येक मुलाची वेगळी रेघ होती. त्यांतली सगळ्यांत उभी रेघ मुंगीची. शिंप्याची ही मुलगी चणीने एवढीशी, म्हणून वर्ग तिला मुंगी म्हणे आणि तीही ओ देई. पहिल्या चाचणीत अकरा, अकराव्या चाचणीत छत्तीस.

बाईंनी तिची उत्तरपत्रिका शोधली. सतराव्या ओळीत 'क' होता. चौकोनाबाहेर जराही न जाता, नीट रंगवलेला.



* * *

बुधवारी त्यांनी उत्तरपत्रिका परत दिल्या नाहीत. गुण आलेखावर लागले होते, पण कागद पुन्हा एकदा पाहायचे आहेत, असे खोटेच सांगितले. 

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी खालच्या वर्गातल्या दोन मुली समोरासमोर उभ्या राहून टाळ्यांचा खेळ खेळत होत्या. बाई रोज त्यांच्यावरून जात. आज थांबल्या.

"बक अड, कब डक, अअ कड, बक डब..."

"हे कसलं गाणं गं?"

"शुक्रवारचं गाणं, बाई. वरच्या वर्गातल्या ताया म्हणतात."

"पूर्ण येतं?"

"वीसपर्यंत येतं. पुढचं हिला येतं."

बाई जवळ गेल्या. "मग सतरावं काय, सांग बरं."

मुलीने बोटे पुढे धरली आणि पहिल्यापासून पुटपुटत निघाली. तिला मधूनच सांगता येत नव्हते. दहा बोटे संपली, पुन्हा अंगठ्यापासून सुरू झाली, आणि सातव्या बोटावर ती थांबली.

"क."

"शाबास," बाई म्हणाल्या. 

"आम्ही मोठ्या वर्गात गेलो की आम्हालाही सगळं विज्ञान येणार," दुसरी म्हणाली.

शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर डबा खात बसले होते. वयाने वडिलांएवढे, आणि बाईंना ते पहिल्या दिवसापासून पोरी म्हणत. बाईंनी दार लोटून घेतले आणि त्यांना सगळे सांगितले. सरांनी घास चावून संपवला, पाणी प्यायले, मग विचारले, "आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"सेहेचाळीस मुलांना."

"मोठ्यांपैकी विचारतोय."

"तुम्ही."

"मग मी काही ऐकलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे बघ पोरी, सोमवारी पाहणी समिती येतेय. मोठे सर तुझा आलेख चौकटीत बसवून घेतायत, काच लावून. आता तू जाऊन सांगणार की हा आलेख म्हणजे टाळ्यांचं गाणं आहे?"

"सर, तीन आठवड्यांनी शालान्त परीक्षा आहे. त्या परीक्षेचे प्रश्न कुठल्याच पत्र्याला बसवलेले नसतात."

"काही पोरांना खरंच येतही असेल."

"तेच तर कळत नाही. पाठ किती आणि समजलं किती, हे माझ्या आकड्यांतून वेगळं काढताच येत नाही. अकरा चाचण्या घेतल्या आणि मला एका मुलाबद्दल काही म्हणजे काही माहीत नाही."

सरांनी डब्याचे झाकण लावले. "ताप मोजणारीच तापली," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. त्यांच्या टेबलावर परीक्षेची यादी पडली होती. शाळेचा नियम साधा होता: शेवटच्या चाचणीत चाळीसपैकी वीस किंवा अधिक असतील त्याला यंदा परीक्षेला बसवायचे, कमी असतील त्याने पुढच्या वर्षी बसायचे. शनिवारी दुपारी यादी बंद.

"यंदा सेहेचाळीसच्या सेहेचाळीस," मोठे सर म्हणाले. "बावीस वर्षं या खुर्चीत बसतोय, असं कधी झालं नव्हतं. सही करा."

"सर, यादी शनिवारी बंद होते ना? या शुक्रवारची चाचणी शेवटची धरू या. आणि... मला एक शंका आहे."

"चाचणी हवी तर धरा. शंका सोमवारनंतर." त्यांनी पेनाचे टोपण लावले. "बाई, तुमच्या कराराचं मी बोलून ठेवलंय. समिती गेली की कायम करतो तुम्हाला."

बाईंनी मान हलवली. यादीवर सही मात्र केली नाही.

* * *

सेहेचाळीसमधली पंचेचाळीस मुले नापास झाली असती तरी पुढच्या वर्षी पुन्हा बसली असती. मुंगीचे तसे नव्हते, आणि त्याला बाईच कारण होत्या.

तिला एका मोठ्या कापड कारखान्यात शिवणकामाच्या प्रशिक्षणाला जागा मिळाली होती. दोन वर्षे शिक्षण, मग तिथेच नोकरी. प्रशिक्षण परीक्षेच्या आठवड्यातच सुरू होणार होते, आणि एकदा नाही म्हटले की ती जागा पुन्हा देत नसत. पंधरा दिवसांपूर्वी तिचे वडील शाळेत येऊन आलेखासमोर उभे राहिले होते. मला यातलं कळत नाही, तुम्ही सांगाल तसं, म्हणाले होते. बाईंनी मुंगीच्या रेघेवर बोट ठेवून सांगितले होते, "जागा नाकारा. ही मुलगी पुढे शिकणार."

गुरुवारी संध्याकाळी त्या दुकानात गेल्या. शिंपीकाका एका कोटाची बाही उसवत होते. मागच्या भिंतीवर खडूने बारीक अक्षरांत अकरा आकडे लिहिलेले होते, अकरापासून छत्तीसपर्यंत.

"या बाई, बसा. ते कापड बाजूला सारा. हे बघा, गिऱ्हाईक म्हणतं माप चुकलं. माप बरोबर असतं बाई, गिऱ्हाईक जाडं होतं."

बाई हसल्या. हसताना आपला आवाज आपलाच वाटत नाही असे त्यांना वाटले.

"काका, कारखान्याला नकाराचं पत्र दिलंत?"

"लिहून ठेवलंय. शनिवारी अकराला नेऊन देणार. तिने स्वतः लिहिलं, झकास. माझ्या अक्षरात दिलं असतं तर त्यांनी आधीच नाकारलं असतं मला."

"ती कुठे आहे?"

"आत. अभ्यास करतेय."

पडद्यामागून आवाज येत होता. बाई कान देऊन ऐकू लागल्या. मुंगी एकसुरात काहीतरी म्हणत होती. शिलाई मशीन बंद होते, रस्त्यावरून गाडी गेली, आणि मग मधली काही अक्षरे स्पष्ट ऐकू आली. कड, बक, डब. मग पान उलटल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मग धड्यातले एक पूर्ण वाक्य, तिने दोनदा वाचलेले.

बाईंना त्यावरून काहीच ठरवता येईना.

"शनिवारी कारखान्यात जाण्याआधी शाळेत या," त्या म्हणाल्या. "दहाला. मी भेटेपर्यंत पत्र देऊ नका."

काकांच्या हातातली सुई थांबली. "काही वाईट आहे का?"

"उद्याची चाचणी आहे ना. शेवटचा आकडा घेऊन मग जा."

"छत्तीसाचे सदतीस होतील, एवढंच ना?"

"एवढंच," बाई म्हणाल्या, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरल्या.

घरी आल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचा नवा तुकडा कापला. या वेळी भोकांच्या जागा त्यांनी मनाने ठरवल्या नाहीत. माणसाने मनाने केलेल्या निवडीला कुठेतरी वळण पडतेच. धाकट्या भावाचा फासा घेतला. एक पडला तर अ, दोन तर ब, तीन तर क, चार तर ड, पाच किंवा सहा पडला तर पुन्हा टाकायचा.

"ताई, एकटीच काय खेळतेस?" भावाने विचारले.

"हरतेय का ते बघतेय."

चाळीस ओळींसाठी फासा त्रेसष्ट वेळा टाकावा लागला. मग त्यांनी कागद टोचायच्या यंत्राने पुठ्ठ्याला भोके पाडली, जुना पत्रा त्यावर धरला आणि प्रकाशासमोर पाहिले. चाळीसपैकी नऊ भोके जुळत होती. म्हणजे गाणे म्हणणाऱ्याला नऊ गुण मिळतील, त्याहून जास्त मिळाले तर ते त्याचे स्वतःचे.

प्रश्न सोपेही नव्हते, अवघडही नव्हते. अकरा आठवड्यांत शिकवले तेवढेच, शालान्त परीक्षेला बाहेरून छापून येतात तसे. या वेळी त्यांनी चिठ्ठी कुठेच डकवली नाही.

* * *

शुक्रवारी प्रश्नपत्रिका वाटून होताच वर्ग खाली वाकला. बाई नेहमी या वेळी वही तपासत. आज त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि पाहू लागल्या.

इतके दिवस त्यांना ही शांतता म्हणजे एकाग्रता वाटत आली होती. आता दिसत होते ते निराळेच. पेन्सिली चालत होत्या, पण माना डावीकडच्या प्रश्नांकडे वळत नव्हत्या. ओठ हलत होते. खाली, जरा खाली, अजून खाली, पेन्सिली एका लयीत उतरत होत्या. शेवटच्या बाकावरच्या मुलाने तर प्रश्नपत्रिका उलटी ठेवली होती. सहा मिनिटांत निम्म्याहून जास्त वर्गाचा पहिला रकाना भरला.

थांबवावे का, असे बाईंना क्षणभर वाटले. नुसते एवढे म्हटले की पुरे होते, मुलांनो, प्रश्न वाचा.  मदत केली तर माप खोटे, नाही केली तर... त्यांनी ते वाक्य मनातही पुरे केले नाही.

मुंगी दुसऱ्या रांगेत खिडकीकडच्या बाकावर होती. तिचा पहिला रकाना भरून झाला होता. तिने पेन्सिलीला टोक केले, कचरा रुमालात बांधला, आणि दुसऱ्या रकान्याच्या वर पेन्सिल टेकवली. ती तिथेच राहिली. मुंगीने प्रश्नपत्रिकेकडे पाहिले. मग पहिल्या रकान्याकडे, मग पुन्हा प्रश्नपत्रिकेकडे. मग हळूच मान वर करून तिने बाईंकडे पाहिले.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. बाईंना वाटले, आपलाही असाच दिसत असणार. त्यांनी डोळे खिडकीबाहेर वळवले, आणि पुन्हा आत आणले तेव्हा मुंगी खाली वाकलेली होती. वेणी कागदावर पडली होती, त्यामुळे ती काय करते आहे ते दिसत नव्हते. तिचा खोडरबर मात्र बाकावरून घरंगळून बाईंच्या पायाशी आला होता, आणि ती तो शोधत नव्हती. बाईंनी तो उचलला. नियमाप्रमाणे चाचणी चालू असताना बाकाजवळ जायचे नव्हते. त्या तो मुठीत धरून उभ्या राहिल्या.

वीस मिनिटांत चौतीस जणांनी उत्तरपत्रिका पालथ्या ठेवल्या. घंटा चाळिसाव्या मिनिटाला झाली. तेव्हा लिहीत असलेले आठ जण होते. मुंगीचा कागद बाईंना हातातून ओढून घ्यावा लागला.

"झालं गं. ठेव आता."

"बाई, वरचे..." ती म्हणाली आणि थांबली.

"काय?"

"काही नाही."

शाळा सुटली. बाईंनी प्रयोगशाळेची आतली कडी लावली. पुठ्ठा ठेवायचा, मोजायचे, लिहायचे, उचलायचे. नऊ. आठ. नऊ. अकरा. नऊ.  गणिताच्या सरांनी बाहेरून दार वाजवले, "पोरी, आहेस का?" म्हणाले, थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. 

मुंगीचा कागद त्यांनी गठ्ठ्यातून काढून खाली सरकवला होता. तो शेवटी आला. त्याआधी त्यांनी पंचेचाळीस आकड्यांची बेरीज केली, दोनदा. सरासरी अकरा पूर्णांक चार. वीस किंवा अधिक असणारे पाच.

मग त्यांनी मुंगीच्या कागदावर पुठ्ठा ठेवला, कडा जुळवल्या आणि पेन्सिलीचे टोक भोकाभोकावर टेकवत मोजले. आकडा लिहिला. पुठ्ठा उचलून पुन्हा ठेवला आणि दोन्ही रकाने वेगवेगळे मोजले.

पहिला रकाना, वीसपैकी चार. दुसरा रकाना, वीसपैकी चौदा. एकूण अठरा. यादीला वीस लागत होते; पहिला रकाना गाण्याचा होता, दुसरा तिचा स्वतःचा, आणि तिचा खोडरबर अजून बाईंच्या टेबलावर होता.